दांड्यावरची फुलं

गोव्यात, लाटंबार्शाच्या आमच्या घरात आतल्या खोलीतून हॉलात यायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. त्या कोणी आणि का केल्या हे कोणालाच माहीत नाही. बाबा जन्मभर त्यांवरून ये-जा करत होते आणि पायऱ्यांकडे त्यांनी कधी खाली बघितलंही नसेल. मग उन्हाळ्यात ते न्हाणीत पडले आणि त्या दोन पायऱ्यांचा घाट झाला.

त्या दिवशी मी भेटायला आलो होतो आणि घरात बाबांजवळ एकटाच होतो. धाकटा भाऊ मांद्र्याला त्याच्या गेस्ट हाउसवर गेलेला, भावजय बाजारात. धप्प आवाज आला आणि पाठोपाठ हाक. हाक मदतीची नव्हती. "पंचो हाड!" बाबा ओल्या लादीवर आडवे, पाणी तापवायच्या भाणाला पाय टेकलेले, आणि त्यांना आधी पंचा हवा होता. तो गुंडाळल्यावरच त्यांनी मला उचलू दिलं. उठता उठता म्हणाले, "कोणाक सांगूं नाका."

"ना सांगना," मी म्हटलं.

हाड मोडलं नव्हतं. पण त्यानंतर बाबा भिंतीला हात लावल्याशिवाय चालेनात. त्यांना एकच गोष्ट हवी होती: गणपतीच्या चवथीला आपल्या पायांनी हॉलात यायचं आणि उभं राहून एक तरी आरती घुमटावर वाजवायची. घुमट म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं मडकं. उजव्या हातानं वाजवायचं आणि डाव्या हातानं दुसरं तोंड उघडझाप करत त्याचा सूर राखायचा. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, बाबांचा हात लोक डोळे मिटून ओळखत.

मी साखळीला राहतो. आयुष्य वाचनालयात गेलं. निवृत्त झाल्यावर माणसाला कोणाला तरी सुधारायचं असतं. मी बाबांना घेतलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेलं सगळं एका वहीत उतरवलं आणि दिवसाआड स्कूटरवरून लाटंबार्शाला जाऊ लागलो. पायपुसणी उचलली. घरभर घालायला मागून पट्टा असलेल्या चपला आणल्या. न्हाणीत बसायला स्टूल ठेवलं. खाटेवरून उठल्यावर लगेच चालायचं नाही, कडेला बसून दहा मोजायचे. बाबा आकडे मोजत नसत. मांडीवर बोटांनी आरतीचा ठेका धरत, आणि तो संपला की उठत. माझ्या वहीत हे नव्हतं, पण चाललं.

पायऱ्यांच्या उजव्या बाजूला साखळीच्या वेल्डरकडून स्टीलचा दांडा करून बसवला, बरोबर कोपराच्या उंचीवर. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारली. दांडा बघून बाबा म्हणाले, "हें घर काय हॉस्पितल?" पण धरायला लागले. मी दर खेपेला तेच बजावायचो: आधी हात, मग पाय. हाताला विचार करावा लागता कामा नये. दोन महिन्यांत असं झालं की बाबा दुसरीकडे बघत, कोणाशी बोलत पायरीपाशी आले तरी हात आपोआप दांड्यावर जायचा. मला वाटलं, आयुष्यात एक काम तरी पुरं केलं.

याच सुमारास साखळीत ज्येष्ठांसाठी कार्यक्रम झाला. विषय होता 'पडू नका, उभे राहा'. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. प्रमुख पाहुण्यांना दोघांनी दोन्ही दंडांना धरून वर चढवलं आणि मग ते स्वावलंबनावर अर्धा तास बोलले. समईचं तेल सांडलं होतं, त्यावर कोणीतरी शाल टाकली. सत्कारासाठी एक शाल कमी पडली. वक्ता म्हणून मीही होतो. लोक पेंगायला लागलेले पाहून मी 'एका गृहस्थांची' गोष्ट सांगितली: पडले, आणि पहिली हाक मारली ती पंच्यासाठी. सभागृह पोट धरून हसलं. नाव मी घेतलं नव्हतं. घरी येताना आपलं भाषण बरं झालं म्हणून मी खुशीत होतो.

चवथ जवळ आली तशी भावानं घराला रंग द्यायला घेतला आणि त्या पसाऱ्यात माझ्या फेऱ्या थांबल्या. मी फोनवर बाबांना विचारलं, "दांडो आसा न्हय?"

"आसा रे. खंय धांवतलो तो?"

चवथीच्या दिवशी पोचायला मला दुपार झाली. हॉल ओळखू येत नव्हता. गणपतीवर माटोळीची लाकडी चौकट बांधलेली, तिला सुपारीचे घोस, तोरिंजन, चिबूड, नारळ लटकलेले. भिंतीभर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. पायऱ्यांच्या बाजूलाही, जिथं दांडा होता तिथं, आडवी जाड माळ होती. भावजयीनं दांड्यालाही आरास केली म्हणून मी मनात हसलो. जवळ जाऊन पाहिलं नाही.

संध्याकाळी आरतीवाले आले. बाबांचे जुने सोबती, त्यांची मुलं, नातवंडं. हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. घुमटं गरम करून चामडी ताणून झाली. मी समोर टाळ घेऊन उभा होतो. आतल्या खोलीच्या दारात बाबा दिसले. पांढरं धोतर, गळ्यात घुमट. कोणीतरी ओरडलं, "येयात, येयात, तुमचेखातीर थांबल्यात!" बाबा त्याच्याकडे बघून हसले आणि त्यांचा उजवा हात बाजूला गेला. कोपराच्या उंचीवर. फुलांची माळ त्यांच्या मुठीत आली आणि भिंतीवरून सरसर सुटत गेली. मागं नुसती भिंत होती. बुजवलेली चार भोकं, वर ताजा रंग. पिवळी पट्टीही रंगाखाली गेलेली.

घुमट फुटलं. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून बाबांना घरी आणलं तेव्हा मी भावाला अंगणात गाठलं. "मांद्र्याच्या पाव्हण्यांक न्हाणयेंत दांडे, आनी बापायक प्लास्टिकाचीं फुलां?" एका परदेशी बाईनं तक्रार केल्यापासून त्याच्या गेस्ट हाउसमधल्या प्रत्येक न्हाणीला दांडा आहे. माझी खात्री होती, आमचा दांडा आता तिथंच कुठल्यातरी भिंतीवर असणार. शोभेसाठी बापाचा आधार काढणारा भाऊ: असं वाक्यही मी तयार केलं होतं.

"म्हजेर कित्याक तापता, दादा?" तो म्हणाला. "बाबानच काडपाक सांगिल्लो. हांवें ना म्हटलें, तर दोन दीस जेवले नात. तुका सांगूं नाका म्हण म्हाका शपथ घातली. आनी दांडो खंय तें तूंच पळय."

दांडा बाबांच्याच खाटेखाली होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोन्ही टोकांना सुतळी बांधलेला. स्क्रू वेगळ्या पुडीत. कोणापासून तरी लपवून ठेवायची वस्तू बाबा नेहमी अशीच नीट बांधतात.

मी तो हातात घेऊन त्यांच्यासमोर बसलो. मला राग आला होता. तीन महिन्यांची वही, स्कूटर, पट्ट्याच्या चपला. आणि फोनवर 'आसा रे' ही थाप. "बाबा, तुमी म्हाका फट मारली?"

बाबांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "हांव पडलों तेन्ना न्हाणयेंत कोण आशिल्ले?"

"तुमी आनी हांव."

"दोगूच. मागीर साखळ्यांतल्या सभेंत पंचो कसो पावलो?"

मग त्यांनीच थोडक्यात सांगितलं. सभेत त्यांचा एक आरतीतला सोबती होता. दुसऱ्याच दिवशी पोदेराकडे पाव घेताना त्यानं विचारलं, "कितें रे, पंचो मेळ्ळो?" मग दुकानात, देवळात, सगळीकडे तेच. एका सोबत्याचा नातूसुद्धा विचारून गेला. बाबांना बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला तो दांडा पडायचा, आणि प्रत्येक जण दांड्याकडे बघून हसायचा. चवथीला अख्खा वाडा हॉलात येणार होता.

"दांडो ना तें म्हाका खबर आशिल्लें," बाबा म्हणाले. "हाताक खबर नाशिल्लें. तुवेंच शिकयल्लो तो."

दुसऱ्या दिवशी भावानं ड्रिल आणलं आणि दांडा परत बसवला, या वेळी डाव्या बाजूला, कारण उजवा हात गळ्यात होता. ताज्या रंगावर सिमेंटची भुकटी उडाली. भावजयीनं ती पुसून काढली आणि फुलांची माळ गुंडाळून आत ठेवली.

विसर्जनाच्या आधी शेवटची आरती होती. बाबांनी खाटेच्या कडेला बसून डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला, तो संपवला आणि उठले. मी आधीच खालच्या पायरीवर जाऊन उभा होतो. हॉलात सगळे बघत होते, या वेळी कोणी हसत नव्हतं. मी हात पुढे केला.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग दांडा धरला आणि माझ्या शेजारून उतरून गेले.