मला आपली कॉफी

“मला आपली कॉफी.”

सकाळचा चहा आला की सगळे आपापला कप उचलायचे आणि कोपऱ्यातून हे एक वाक्य यायचं. त्या एका कपासाठी टपरीवाल्याला वेगळं पातेलं चढवावं लागे. तो कुरकुरायचा. आम्ही म्हणायचो, असतात एकेकाचे लाड.

हा कॉफीवाला सदाशिव पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त काढायचं काम करी. मी तिथला मॅनेजर. तो बोलताना अडखळत असे. शब्द घशाशी यायचा आणि दारात अडकलेल्या कपाटासारखा तिथेच राहायचा, ना आत ना बाहेर. च, प, व ही त्याची अवघड अक्षरं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि त्याचा शब्द अडल्यावर तुम्हीही माझ्यासारखंच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं असेल.

त्याने स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. वाक्यात जमेल तिथे तो ‘आपला’ घालायचा, पळत येऊन उडी मारावी तसा. ‘हा आपला कापूस.’ ‘ही आपली सुई.’ पेशंटना त्यात माया वाटे. बायका तर त्याच्याचकडून रक्त काढून घ्यायला थांबून राहत. एक आजोबा मात्र म्हणाले, “आपली सुई ना? मग स्वतःला टोचा.” त्यावर तो इतका हसला की त्याला सुई खाली ठेवावी लागली.

‘आपला’ने नाही भागलं तर तो शब्दच बदलायचा. ‘परवा या’ म्हणता येत नसे, म्हणून ‘उद्या नको, त्याच्या पुढच्या दिवशी या.’ पेशंट त्यातलं ‘उद्या’ तेवढं ऐकून दुसऱ्याच दिवशी हजर. एकाने वैतागून काउंटरवरच्या बाईंना विचारलं, हे गृहस्थ नीट बोलत का नाहीत? बाईंनी मान वर न करता सांगितलं, “अहो, रक्त हातातून काढतात. तोंडातून नाही.”

मी त्याची वाक्यं पुरी करायचो. मला ती मदत वाटे. खरं म्हणजे ती ताणलेली शांतता मला सोसत नसे. माझा शब्द चुकला तरी तो मान डोलवायचा. त्याला पडदा ओढायचा असायचा, मी ‘पंखा’ म्हणून मोकळा व्हायचो, आणि तो पंखा लावून ऊन अंगावर घेत बसायचा.

दुपारच्या सुट्टीत तो घरी जेवायला जाई. घर मागच्याच गल्लीत, तळमजल्यावर. लग्न केलेलं नव्हतं, आई नव्हती. होते फक्त वडील, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले. एकदा तो लॅबच्या फ्रीजची किल्ली खिशात घेऊन गेला, म्हणून मी त्याच्या मागोमाग गेलो. दोघं समोरासमोर बसले होते, मधे ताट. तो त्या सुईवाल्या आजोबांचा किस्सा सांगत होता, आणि त्यात ‘आपला’ एकदाही नव्हता. शब्द अडला की तो अडू देई, थांबे, पुन्हा त्याच शब्दाकडे येई. वडील डाव्या हातात घास धरून वाट बघत. मग वडील बोलू लागत. आजारानंतर त्यांचीही जीभ जड झाली होती. आता वाट बघायची पाळी मुलाची. जो किस्सा मी जिना उतरता उतरता सांगून टाकला असता, तो त्या दोघांना अख्खी सुट्टी पुरला.

“च… च… चहा घेणार, सर?” त्याने मला विचारलं, आणि स्वतःच्याही कपात चहाच ओतला.

मी म्हटलं, कॉफी नाही का?

“कॉफी मला मुळीच आवडत नाही.”

वडील ठसका लागेपर्यंत हसले.

पुढे लॅबने वाघोलीला शाखा काढली. मालकीण असलेल्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, तिकडे कोण जाणार? कुणी तयार नसेल तर मॅनेजरनेच तिकडे बसायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. गावाच्या नावाला दुसरा शब्द नसतो. ‘तिकडे’ म्हणून भागवता आलं असतं, पण बहुधा त्या दिवशी त्याला नीट सांगायचं होतं.

“मला आपली व… व…”

“वाघोली,” मी म्हणालो. “वाघोली चालेल त्याला.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, वा, मिटला प्रश्न, आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं. ‘मला आपली वाघोली’ इथे वाक्य तोडलं तर ते मागणं होतं. पुढचं ‘जमणार नाही’ त्याच्या तोंडात राहून गेलं. तोंड तसंच उघडं होतं. मी ते पाहिलं. समजलं नाही असं म्हणायची मला सोय नाही, कारण दोघांमधलं ते ताट मी पाहिलेलं होतं. पण तो गेला नसता तर मला जावं लागलं असतं. मी पाण्याची बाटली उघडून दोन घोट प्यायलो. तो खाली बसला.

नंतरही तो काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. सकाळी लवकरची बस, परतायला अंधार. दुपारी वडिलांना जेवू घालायला त्याने एक बाई ठेवली. चांगली होती, झटपट काम करणारी. तिला पुढची घरं असायची. वडिलांनी एखादा शब्द काढायला घेतला की ती म्हणे, “कळलं आजोबा,” आणि तिला खरंच कळलेलं असे. पाणी, उशी, खिडकी. हे मला काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, त्या त्याच गल्लीत राहत. थोड्या महिन्यांनी त्या म्हणाल्या, “आजोबा हल्ली नुसती मान हलवतात.” आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी वडील गेले. मी भेटायला गेलो. म्हटलं, परत पेठेत ये, डॉक्टरबाईंशी मी बोलतो.

तो “आता” म्हणाला आणि थांबला. माझ्या जिभेवर चार शब्द आले. मी ओठ मिटून बसलो. शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देत होता. मग माझ्या लक्षात आलं, तो अडलेला नव्हता. नुसता रिकाम्या खाटेकडे बघत होता.

“आता नको, सर.”

एकही अक्षर अडलं नाही.

थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली. हडपसरला बहिणीजवळ राहतो, तिकडेच कुठल्याशा कारखान्याच्या दवाखान्यात आहे, असं म्हणतात. मी फोन करतो. तो उचलत नाही. फोनवर बोलायला त्याला पहिल्यापासूनच नको वाटायचं, अशी मी माझी समजूत घालतो.

तळमजल्यावरची ती जागा आता परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना भाड्याने दिली आहे. डबा खाऊन झाला की मी त्या गल्लीतून एक चक्कर मारतो. खिडकी उघडी असते. आत चौघं जेवत असतात, आणि चौघंही एकदम बोलत असतात. एकाने सुरू केलेलं दुसरा उचलतो, तिसरा ते भलतीकडेच नेतो. मी खिडकीखाली जरा थांबतो. कुणाचं तरी एक वाक्य शेवटपर्यंत ऐकू यावं, एवढंच वाटत असतं. मग सुट्टी संपते.