अय्यूबनबींचा झरा
तांदूळ अर्धेच निवडून झाले होते, तेवढ्यात आतून नवऱ्याने हाक मारली. रशीदाने सूप ठेवलं आणि त्याची कूस बदलून दिली. त्याला लकवा झाल्यापासून तिचं कुठलंच काम एका बैठकीत पुरं होत नव्हतं.

मुलगा हनीफ म्हणाला, "अम्मी, आजारी अय्यूबनबींनी अल्लाच्या हुकमाने जमिनीवर पाय आपटला, झरा फुटला नि त्या पाण्याने ते बरे झाले. तो झरा म्हणजे सबर, त्यांचा धीर, खरं पाणी नाय. मशिदीच्या दारात बाटली घेऊन उभी राहू नको आता."

"सबर माझ्याकडे बक्कळ हाय, बाबा. त्याने तुझ्या बापाचा पाय हलला काय? मला आपलं पाणीच राहू दे."

दुपार कलल्यावर असरच्या नमाजाची अजान झाली. नमाजी बाहेर पडताना आजाऱ्यासाठी दुआ पढून पाण्यावर फुंकर घालतात, म्हणून बाटली भरून ती मशिदीकडे निघाली.