बाबांच्या उपदेशातून निघालेली शाळा

नगर जिल्ह्यातून आम्ही लखनौला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटी बहीण तीन. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. बाबा पाळक होते. मिशनने त्यांना तेलीबागच्या पुढच्या एका बस्तीत पाठवलं होतं. रायबरेली रोडवरून आत वळलं की वीटभट्ट्या, मोहरीची शेतं आणि मध्ये ही कच्च्या घरांची वस्ती. पुरुष भट्टीवर राबायचे, बायका छावणीतल्या बंगल्यांत झाडलोट करायच्या. पाच-सहा घरं ख्रिस्ती, बाकी सगळी हिंदू. बस्तीच्या तोंडाशी आम्हाला दोन खोल्या आणि एक लांबलचक ओसरी मिळाली. रविवारची उपासना त्याच ओसरीत व्हायची.

बाबांना स्वतःच्या हिंदीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मराठी वाक्याला शेवटी ‘है’ लावलं की हिंदी झाली, असा त्यांचा समज. ऐकायला फार लोक येत नसत. जे येत ते भिंतीला टेकून पेंगत. आठवडाभर विटा वाहिल्यावर दुसरं काय होणार?

एका रविवारी बाबा संकटांवर बोलत होते. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिक्षाही करतो, हे त्यांना सांगायचं होतं. ते ठासून म्हणाले, “परमेश्वर जिससे प्रेम करता है, उसको शिक्षा देता है. आपको भी देगा. आपके बच्चों को भी देगा. किसी को नहीं छोड़ेगा.”

पेंगणारे जागे झाले. एक बाई तर पुढे सरकून बसली. तिला सगळी बस्ती चाची म्हणायची. ती आमच्या शेजारच्या घरात राहायची, हिंदूच होती, आणि उपासनेला केवळ सावलीत बसायला मिळतं म्हणून यायची. बाबांना वाटलं, आज आपलं बोलणं काळजाला भिडलं. मी मात्र चार महिने हिंदी शाळेत गेले होते. शिक्षा म्हणजे इथे काय ते मला ठाऊक होतं. पण भर उपासनेत पाळकाला कोण अडवणार?

सोमवारी सकाळी दारात चाची उभी. सोबत चार मुलं, डोक्याला तेल चोपडलेलं, भांग पाडलेले. तिच्यामागे आणखी बायका आणि त्यांची मुलं. बाबा बनियनवर दाढी करत होते.

“पादरी साहब,” चाची म्हणाली, “शिक्षा किस टाइम से मिलेगी?”

बाबांना कळेना. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते खाटेवर बसले.

“अगं, मी दंडाबद्दल बोलत होतो,” ते आईला म्हणाले. “आता बाहेर जाऊन त्यांना समजावून सांगतो.”

आई पदराला हात पुसत बाहेर आली. नगरला ती शिक्षिका होती. लखनौला यायचं म्हणून तिने पक्की नोकरी सोडली होती. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, पण संध्याकाळी एकटीच ओसरीत बसलेली असली की आम्हाला कळायचं.

“काही समजावू नका,” आई म्हणाली. “देवाचं नाव घेऊन शब्द दिलात. आता पाळकाने शब्द फिरवायचा का?”

“पण मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“मला तर हा तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला उपदेश वाटला,” ती म्हणाली आणि चाचीकडे वळली. “कल से. साढ़े सात बजे.”

मंगळवारी शाळा भरली. ओसरीची एक भिंत बाबांनी काजळी फासून काळी केली, तोच फळा. बसायला मुलं घरून पोती आणायची. आईचं हिंदी बाबांइतकंच कच्चं होतं, पण तिला ते माहीत होतं. दुपारी माझी पुस्तकं घेऊन ती मुलांच्या एक धडा पुढे राहायची आणि अडलं की मला विचारायची. महिन्याभरात ती सगळ्या बस्तीची ‘बहनजी’ झाली.

मग एके दिवशी बस्तीचा चौधरी, म्हणजे तिथला मुखिया, आला. वयस्कर, मोजकं बोलणारा. त्याने बाबांना सरळ विचारलं, “बच्चों को ईसाई बनाओगे?”

बाबांनी त्याला खाटेवर बसवलं. मग म्हणाले, “येशू की बात मैं इतवार को करूँगा. जिसको सुनना हो, आए. पढ़ाई सबके लिए है. उसके बदले में कुछ नहीं माँगूँगा.”

चौधरी उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या दोन नाती पाठवल्या. शहरातल्या चर्चच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे रुचलं नाही. तुम्हाला उपदेशाला पाठवलंय, बाराखडीला नाही, असं ते म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं आणि शाळा चालू ठेवली.

या सगळ्याचा मला अभिमान होता असं म्हटलं तर खोटं होईल. माझ्या छावणीतल्या शाळेत मी सांगितलं होतं की बाबा सरकारी ऑफिसात आहेत. तेरा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी तिच्या बंगल्यावर गेले. केक कापून झाला आणि मागच्या दारातून हातात झाडू घेऊन चाची आत आली. मला पाहून तिचा चेहरा उजळला. मी मान फिरवली.

“तू इसे जानती है?” मैत्रिणीने विचारलं.

“नहीं,” मी म्हणाले.

चाचीने खाली सांडलेले कुरमुरे झाडून घेतले आणि ती निघून गेली.

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी शाळेच्या वेळी चाची नेहमीसारखी आली. मुलांवर लक्ष ठेवते असं सांगून ती रोज मागे बसायची आणि कुणी पाहत नसताना तख्तीवर, म्हणजे त्या लाकडी पाटीवर, अक्षरं गिरवायची. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“चाची, कल…”

“कल हमने तुमको देखा ही नहीं,” ती तख्तीवरून मान वर न करता म्हणाली. “यह बताओ, ‘क्ष’ कैसे बनता है?”

मी तिचा हात धरून ‘क्ष’ काढून दाखवला. मग छावणीतल्या शाळेत जाऊन मैत्रिणीला खरं सांगितलं, बाबा कुठे काम करतात तेही आणि चाची कोण तेही. ती मैत्री पुढे फार टिकली नाही. मला त्याचं वाईटही फारसं वाटलं नाही.

दोनेक वर्षांनी बस्तीच्या हातपंपाजवळ एक कागद चिकटवलेला दिसला. बातमी पसरली की घरं पाडणार. लोक छपरं उतरवू लागले, कुणी खाटा बैलगाडीवर चढवल्या. आई-बाबा त्या दिवशी शहरात होते, मी माझ्या शाळेत, आणि वाचता येणाऱ्या मुलांना त्या गडबडीत कुणी विचारलंच नाही. चाचीने गर्दी सारली, कागदासमोर उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली. फार वेळ लागला. कुणी हललं नाही. घरं पाडण्याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. राहणाऱ्यांची नावं लिहून घ्यायला माणसं येणार होती, त्या दिवशी सगळ्यांनी घरी थांबावं, एवढंच होतं. वाचून झाल्यावर चौधरीने तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. छपरं परत चढली. त्यानंतरच्या आठवड्यात मोठ्या बायकांसाठी दुपारचा वेगळा वर्ग सुरू करावा लागला.

मी वीस वर्षांची असताना बाबांची नगरला बदली झाली. सामान बांधत असताना मी सांगितलं की मी येणार नाही, शाळा चालवणार. बाबांनी आईकडे पाहिलं. धाकटी बहीण, जिला मराठी कळायचं पण बोलायची हिंदीच, म्हणाली, “मुझे पहले से पता था.”

“एकटी राहशील कुठे?” बाबांनी विचारलं.

ओसरीत बसलेल्या चाचीला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. “हमारे घर,” ती म्हणाली. “और कहाँ?”

आईने स्वतःची दोन पुस्तकं ट्रंकेतून परत बाहेर काढून माझ्या हातात दिली. बाबांनी प्रार्थना केली, या वेळी मराठीत. चारबाग स्टेशनवर त्यांना सोडून मी बसने बस्तीत परतले. पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर चाची म्हणाली की मी फार भराभर बोलते, मागच्या रांगेला काही कळत नाही. तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या रांगेपासून सुरुवात केली.