दादाचं आभार प्रदर्शन

जंगल पाहायला पहाटे चारला का उठावं लागतं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. दहाला गेलो तर वाघाची हरकत असेल असं वाटत नाही. पण या खेपेला दादापुढे बोलता येत नव्हतं. माझा हा मोठा भाऊ कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला. सोमवारी धंतोलीतल्या दवाखान्यात त्याचा उजवा गुडघा बदलायचा होता. त्याआधी त्याला सातपुड्यातली एक टेकडी जुन्याच गुडघ्याने चढायची होती. तरुणपणी त्याने तिच्या माथ्यावरून खालचा तलाव पाहिला होता.

"नवा कसा निघते कोणाले माहीत," तो म्हणाला. "जुन्याचा भरोसा आहे मले."

गाडीतून उतरतानाच तो भरोसा लंगडत होता.

वनक्षेत्राच्या फाटकाशी मांडव घातलेला. पायवाटेवर नवे बाक बसवले होते, त्यांचं उद्घाटन होतं. व्यासपीठ भरलेलं होतं, श्रोते मात्र नव्हते. म्हणून आम्हा पर्यटकांनाच खुर्च्यांवर बसवण्यात आलं. आमच्यासोबत दिलेली वाटाड्या बाई जवळच्याच गावची होती. ती ओशाळून म्हणाली, "बसा ना काका. भाषणं झाल्याशिवाय कोणाले सोडू नका म्हणते साहेब."

पायवाट उन्हामुळे अकराला बंद होते. तेवढंच दादाच्या डोक्यात होतं.

समोर अख्खं जंगल असताना प्रत्येक पाहुण्याला कुंडीतलं एक रोप देण्यात आलं. पहिल्या वक्त्याने निसर्गातल्या शांततेचं महत्त्व दोन कर्ण्यांमधून सांगितलं, तेव्हा झाडावरची वानरं उठून गेली. दुसऱ्याने 'मी फार वेळ घेणार नाही' अशी सुरुवात केली आणि आम्ही खुर्चीत आणखी खाली घसरलो. दहा वाजून गेले.

"अजून किती राहिले गा?" दादाने गुडघा चोळत विचारलं.

"चार."

"मंग इथंच वाजते अकरा."

दुसरा वक्ता बसला. सूत्रसंचालक हातातल्या कागदात पुढचं नाव शोधू लागला आणि दादा उठला. लघवीला जात असेल असं मला वाटलं. तो माइककडे गेला. कॉलनीतल्या गणपतीपासून निरोप समारंभापर्यंत सगळ्या कार्यक्रमांचे आभार त्याने तीस वर्षं मानले होते. आभार झाले की कोणी खुर्चीत राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मान्यवरांचे, मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, पोहे करणाऱ्या बायांचे आणि ज्यांच्या घरात आपण गोंगाट केला त्या जनावरांचे आभार मानले आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

खुर्च्या सरकल्या. लोक पोह्यांकडे वळले. न बोललेले चौघे एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले.

"काका, तुम्ही कोणत्या खात्याचे?" बाईने विचारलं.

"आभार खात्याचा. चला लवकर."

चढावरच्या तिसऱ्या बाकावर दादा बसला. बाकाची फीत अजून कापायची होती. गुडघा सुजला होता, माथा दोन वळणं वर होता आणि अकराला पंधरा मिनिटं होती.

"पुन्हा येऊ," मी म्हणालो. "नव्या गुडघ्याने."

"ते पाहू. तू जाऊन ये. तलाव आहे का, ते पाहून सांग."

मलाही दम लागला होता आणि वर जाण्याची काडीचीही हौस नव्हती. तरी गेलो. माथ्यावर, जिथून तलाव दिसायला हवा, बरोबर तिथेच एक भलामोठा फलक उभा होता. त्यावर तलावाचं छायाचित्र होतं. शेजारी फोटो काढून घेण्यासाठी रंगीत चौकट होती. दोन्ही बाजूंना कुंपण घातलेलं. टाचा उंचावून पाहिलं, तर सागाचे शेंडे दिसले. खाली आलो.

"आहे का गा?"

"आहे. जसाच्या तसा."

"पाणी?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बाईने माझ्याकडे पाहिलं. फलक तिच्या रोजच्या वाटेवरचा होता.

"औंदा चांगला भरला काका," ती म्हणाली.

 दादा माझ्या खांद्यावर हात टेकून उठला.

"मंग सोमवारी हरकत नाही," तो म्हणाला, आणि आम्ही उतरू लागलो.