आण्णांचा उजवा हात

मंडळी, आज सकाळी सांगलीहून एस.टी.नं गावाकडं निघाले. कुंडलच्या अलीकडं उतरायचं होतं. तिकीट घेताना म्हटलं, "फौजी स्टॉप."

नवा कंडक्टर हसला. "मावशी, तिथं ना गाव, ना शाळा. स्टॉप कशाला?"

"आमच्या आण्णांमुळं," म्हटलं आणि सांगितलं.

सत्तरच्या दशकात आण्णा, म्हणजे माझे वडील, पलटणीतनं रिटायर होऊन आले. रोज सायकलवरनं मळ्यात जायचे आणि वळायच्या आधी नियमाप्रमाणं उजवा हात लांब करायचे. हात दिसला की मागनं येणारी एस.टी. करकचून थांबायची.

"आवं, सायकल टपावर टाका, चढा लवकर," कंडक्टर वरडायचा.

"चढायचं न्हाई. वळायचंय."

"मग वळा की. हात कशाला करताय?"

"कायदा हाय."

आण्णा शांतपणे वळायचे. थांबलेल्या गाडीत मात्र बाजारला निघालेल्या बायका चढून घ्यायच्या. पुढं त्या आण्णांच्याच वेळेला तिथं येऊन उभ्या राहायला लागल्या. एकदा आण्णा तापानं झोपून होते, तर बायका घरी आल्या. "आवं फौजी, आज वळणार न्हाई व्हय?"

शेवटी एस.टी. आपणहूनच थांबायला लागली.

आज मी उतरले तेव्हा ड्रायव्हरनं खिडकीतनं हात हलवला. मीही हात केला आणि मळ्याच्या वाटेला वळायला लागले. तर मागनं येणारा मोटारसायकलवाला थांबला. "बसा मावशी, कुठं सोडू?"

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं माणसानं वळायचं तरी कसं?