जड झालेलं नाव

दवाखान्यात दाखल करून घ्यायच्या खिडकीवर वार्तिनी असली की रांगेतल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. बाई प्रश्न फार विचारायची. शेजारच्या खिडकीवर अकरा वर्षं मी ते ऐकलंय. माझे दहा पेशंट आत जायचे तेव्हा तिचे चार.

आमच्याकडे बाईमाणसाला मानानं 'बू' म्हणतात. मी चिडवायचो, "बू, सोयरीक जुळवताय का?"

"कागद चुकला की सुई चुकते. तुम्ही तुमची खिडकी बघा."

एका सकाळी म्हातारी पाइनेम मुलाला घेऊन आली. मुलगा एकतिशीचा, विळा लागून पाय सुजलेला, अंग तापानं फणफणलेलं. नाव वालुयो, म्हणजे बरा झालेला. आमच्या जावा बेटावर असं नाव बारशाला कोणी ठेवत नाही. मूल मरता मरता वाचलं, की पहिलं नाव त्याला जड झालं म्हणायचं आणि हे ठेवायचं.

"लहानपणी काय झालं होतं?" वार्तिनीनं विचारलं.

"ताप. इथंच आणलं होतं."

"तेव्हाचं नाव?"

म्हातारीनं ओठ घट्ट मिटले. टाकलेलं नाव घेतलं की दुखणं माघारी येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आतून नर्सनं विचारलं, "पेनिसिलिन भरून ठेवलंय. कागद कुठंय?"

मला राग आला. "बू, सोडा की आता. नावापायी माणूस जायचा."

"सुई खाली ठेव," ती नर्सला म्हणाली. मग बाहेर जाऊन म्हातारीपुढे उकिडवी बसली. "म्बोक, आई, माझ्या कानात सांगा. दुखणं आलंच तर मला येऊ दे. माझ्यामागे रडायला कोणी नाही."

म्हातारी तिच्याजवळ सरकली. मग कानाशी लागली.

जुन्या कागदांच्या खोलीतून वार्तिनी धुळीनं माखून आली. हातात त्या जुन्या नावाचा अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा केसपेपर, त्यावर लाल शाईत लिहिलेलं: साध्या तापात पेनिसिलिन दिलं, श्वास कोंडला. पुन्हा कधीही देऊ नये.

डॉक्टरांनी दुसरं औषध लावलं. मी मान खाली घातली. संध्याकाळी ताप उतरला, तेव्हा वार्तिनीनं म्हातारीला तो कागद वाचून दाखवला.

"म्हणजे नाव जड नव्हतं?"

"नव्हतं, म्बोक. सुई होती."

म्हातारी भिंतीला टेकली. "त्याच्या बापानं ते नाव हौसेनं ठेवलं होतं. तुझ्या हौसेनं पोर मरत होतं, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. मरेपर्यंत त्यानं पोराला कधी उचलून घेतलं नाही."