नळीवरचा चिमटा

मुल्लाणी सिस्टर गेल्याची बातमी माझ्यापर्यंत उशिरा पोचली, आणि त्याला कारण त्यांचाच नियम. ऑपरेशन चालू असताना बाहेरचा निरोप आत आणायचा नाही. कुणाचं लग्न ठरू दे, कुणाच्या घरी काही होऊ दे, शेवटचा टाका पडेपर्यंत बाहेरच्यानं बाहेर थांबायचं. त्यांच्या सासूबाई गेल्या तेव्हाही निरोप दाराबाहेर बसून होता. तसाच त्यांचा स्वतःचा बसला. मी हातमोजे काढून बाहेर आले तर वॉर्डातल्या मावशी बाकावर पदर तोंडाला लावून… मी विचारलं, कधी? सकाळीच, म्हणाल्या. म्हणजे मी आत हत्यारांची ट्रॉली लावत होते तेव्हा. आता महिना उलटून गेला, पण त्या बाकाचा राग अजून जात नाही.

सिस्टर कोडोलीच्या. कोल्हापुरातल्या आमच्या खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज. मी चंदगडहून नवी नवी आले तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती गप्प बसायची. आख्खं कोल्हापूर मोठ्यानं बोलतं, आणि ही बाई अशी की थिएटरात चप्पल घासली तरी वळून बघायची. सर्जनला हत्यार मागावं लागलं तर तो आपला कमीपणा, असं त्यांचं मत. सगळं हाताच्या खुणेनं चालायचं. रक्त ओढायची सक्शनची नळी एकसारखी सूं सूं करत असते, तेवढाही आवाज त्यांना खपायचा नाही. रक्त ओढून झालं की लगेच नळीला चिमटा. तो चिमटा त्यांचा खास होता, दांड्याला निळा दोरा बांधलेला, आणि ट्रॉलीच्या कडेला अडकवून ठेवलेला. आमचे मोठे डॉक्टर पाहुण्या सर्जनना कौतुकानं सांगायचे, आमच्या सिस्टरांचं थिएटर म्हणजे देवघर आहे.

ऑपरेशनमध्ये कॉटरी वापरतात, म्हणजे विजेनं मांस कापायचं आणि रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या. त्याचा धूर निघतो. जळक्या केसांसारखा वास असतो, तो घरी जाऊन न्हालं तरी जात नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी तोंड फिरवलं, तर बाहेर आल्यावर सिस्टरांनी झापलं. म्हणाल्या, "चुलीम्होरं वाढलीस की गं. एवढ्याशा धुराला काय घाबरतीस?" मला हसू आलं, आणि खरंही वाटलं. पुढं मी सरावले. माझ्यानंतर आलेल्या पोरींना मीही तेच सांगत गेले. जिल्ह्यातल्या कितीतरी थिएटरांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरी आहेत, आणि सगळीकडे नळीला चिमटा.

आम्हा नर्सना नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर शिक्षणाचे गुण लागतात, आणि ते परिषदांना हजर राहून मिळतात. सिस्टरांना या परिषदांचा भयंकर कंटाळा. बॅग घ्यायची, बिल्ला लावायचा, जेवायचं आणि झोपायचं, त्यापेक्षा इथं चार केस होतील, असं म्हणून दरवेळी दुसऱ्याच कुणाला तरी पाठवायच्या. त्या वर्षी मात्र गुण कमी पडत होते आणि परिषद गावातच होती, म्हणून नाइलाजानं आल्या. डबासुद्धा घरून आणला. तिथल्या जेवणावर विश्वास नव्हता. सकाळच्या भाषणांत खरंच डुलक्या घेतल्या त्यांनी, मी कोपरानं ढोसत होते. खोकला तेवढा अधूनमधून जागं करायचा. तो खोकला आम्हाला जुना होता. एसीनं होतंय, असं सगळे धरून चाललो होतो.

जेवणानंतर एक बाहेरगावची बाई उभी राहिली. आमच्यासारखीच थिएटर नर्स, साधी, मराठीतच बोलली. विषय होता कॉटरीचा धूर. त्यात काय काय असतं, साधा मास्क त्याला कसा अडवत नाही, वर्षानुवर्षं छातीत गेला तर काय भीती असते. आणि उपाय काय, तर सक्शनची नळी कॉटरीच्या टोकाजवळ धरायची, धूर निघेल तिथंच ओढून घ्यायचा. बंद करायची नाही. मागं बसलेल्या पोरी मोबाइल बघत होत्या. सिस्टर ताठ बसल्या होत्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या उठून माईकपाशी गेल्या. त्यांना कधी माईकवर बोलताना मी पाहिलं नव्हतं. "आणि ज्यांनी आधीच घेतलाय, त्यांचं काय?" एवढंच विचारलं. ती बाई म्हणाली, आतापासून तरी जपा, ताई. सिस्टर जागेवर येऊन बसल्या आणि डब्याचं झाकण उगीच लावत राहिल्या.

बाहेर चहाच्या गाड्यावर त्यांनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "मंगल, किती पोरींना शिकवलंय गं मी हे?" मी म्हटलं, तुम्हाला कुठं माहीत होतं. त्यांनी मान हलवली, पण ती माझ्या बोलण्याला नव्हती.

थोड्याच दिवसांत तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा आजार निघाला, तोही बराच पुढं गेलेला. छातीच्या डॉक्टरांना मी तोंडावर विचारलं, धुरानं झालं का? ते म्हणाले, सांगता येणार नाही, कशानंही होतं. बरोबर असेल त्यांचं. पण माझं डोकं फिरलं. जिनं आयुष्यात विडी बघितली नाही, तिला कशानंही होतं? सिस्टर मात्र एका शब्दानं धुराला दोष देत नव्हत्या. त्यांना एकच घाई झाली होती, शिकवलेलं मागं घ्यायची. अंगात ताकद होती तोवर एसटीनं फिरल्या. वारणानगरला गेल्या, आणखी कुठं कुठं गेल्या. फोनवर सांगून भागत नाही, नळी हातात धरून दाखवायला लागतं, असं म्हणायच्या.

चंदगडला मी सोबत होते. घाटात त्यांना धाप लागली, खिडकीशी तोंड धरून बसल्या. तिथल्या छोट्या दवाखान्यात सुशीला इन्चार्ज आहे, सिस्टरांचीच तयार केलेली. तिला काय आनंद झाला म्हणून सांगू. हाताला धरून थिएटर दाखवायला नेलं. सगळं चकाचक, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ट्रॉलीच्या कडेला चिमटा, त्यालाही निळा दोरा. "बघा सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही लावलेली शिस्त अजून मोडली न्हाय." सिस्टर त्या दोऱ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोड गं बाई. चूक हाय ती माझी." सुशीलाला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती रडायला लागली, आणि रडताना खोकली. त्या खोकल्यानं सिस्टर भिंतीला टेकल्या.

आमच्याच दवाखान्यात मात्र त्यांचं चाललं नाही. मोठे डॉक्टर त्यांच्यासमोर हो म्हणाले, आणि त्या रजेवर गेल्यावर म्हणायला लागले की नळीच्या या आवाजात मला काही ऐकू येत नाही, सवय नाही. सवय लावली कुणी? पण हे कुणाला म्हणायचं…

शेवटची भेट त्यांच्या घरी. ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत होतं. चप्पल घासलेली न चालणारी बाई त्या घरघरीत पडली होती. लेक चहा करायला आत गेली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, नळी चालू असते न्हवं? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, डॉक्टर भांडतात, ऐकू येत नाही म्हणतात. त्यांनी बराच वेळ दम गोळा केला. मग म्हणाल्या, "त्यांना ऐकू येईना झालं, तर तू मोठ्यांदा बोल की."

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी केस होती. मी हात धुण्याआधी ट्रॉलीवरचा चिमटा काढून माझ्या कपाटात ठेवला. कॉटरी सुरू झाली, धूर निघाला, मी नळी टोकाशी धरली. सूं सूं सुरू. डॉक्टरांनी सवयीनं बोटांची खूण केली, बंद करा. मी बघितलं नाही. मग त्यांना बोलावंच लागलं. सिस्टरांचा चिमटा कुठाय, म्हणाले.

"न्हाय मिळणार," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की बाहेर बाकावर बसलेल्या मावशींनी दार उघडून आत बघितलं.